मुरलेला उजेड

नारायणगाव मागं टाकून खोडदच्या रस्त्याला लागलो आणि आषाढातली सर आली. दोन्ही बाजूंना तारकाठीवर चढवलेले टोमॅटो, मधूनमधून उसाचे पट्टे, लांबवर नारायणगडाचा उघडा माळ. पावसाच्या पडद्याआडून जाळीची एक प्रचंड परात वर आली. तिच्यामागं दुसरी, मग एकदम चार-पाच. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० पराती या परिसरात उभ्या आहेत. १४ इथं खोडदला, चौरस किलोमीटरभर जागेत. उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन हातांवर, शेतशिवारांतून कोसोगणती पसरलेल्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली ही जीएमआरटी, म्हणजे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. परातीची जाळी बारीक पोलादी तारांची आहे, वारा अडू नये म्हणून. पाऊसही त्यातून आरपार पडतो. एवढ्या मोठ्या छताखाली उभी राहूनही मी चिंब भिजले.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला होता, ‘उजेड’. फोनवर त्यांनी तो एकच शब्द सांगितला आणि ठेवून दिला. माझ्या डोक्यात बरीच वर्षं घोळणारा उजेड डोळ्यांना दिसणारा नाही. आपल्या शेजारच्या काही दीर्घिका गॅमा किरणांत झळकतात. कुठल्याही उजेडात सर्वांत जहाल म्हणावा असा हा उजेड तिथं नेमका कशामुळं निर्माण होतो, हा प्रश्न साठ-सत्तर वर्षं शास्त्रज्ञांना पडलेला आहे आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्याचं उत्तर हाताशी येऊ लागलं आहे. खोडदला गॅमा किरण पकडत नाहीत. इथं पकडतात त्या रेडिओलहरी, म्हणजे उजेडाच्या पट्टीचं नेमकं दुसरं टोक. तरी मला सुरुवात इथूनच करायची होती. कारण पुढं येईल.

सर ओसरेपर्यंत रस्त्याकडेच्या टपरीत थांबले. शेजारी बसलेल्या शेतकरी काकांना पावसाचं विचारलं. ते म्हणाले, “पाऊस सगळ्या रानांवर सारखाच पडतो, ताई. माळावरचा निघून जातो, काळ्या रानातला मुरतो.” त्यांनी हात दाखवला त्या दिशेला गडाच्या उतारावरून गढूळ पाण्याचे ओहोळ धावत खाली येत होते. रस्त्याअलीकडची काळी जमीन मात्र तेवढंच पाणी पोटात घेऊन गप्प होती.

एकेक कण मोजताना

गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात माझी एक संशोधक मैत्रीण काम करते. तिनं संगणकावर एक यादी उघडली. प्रत्येक ओळीत एक वेळ, आकाशातली एक दिशा आणि एक ऊर्जा. एक ओळ म्हणजे एक प्रकाशकण. फर्मी नावाची नासाची दुर्बीण ११ जून २००८ला अवकाशात गेली आणि साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत दर तीन तासांनी सगळं आकाश नजरेखालून घालते. तिनं टिपलेला कण न् कण जगात कुणालाही मोफत पाहता येतो. मी खुर्ची पुढं ओढली आणि बराच वेळ ती यादी नुसती वरखाली करत राहिले. एक कण, मग पुढचा. यातला एखादा सव्वा कोटी वर्षं चालत आलेला असू शकतो, या विचारानं दर ओळीवर थांबावंसं वाटत होतं.

आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशकणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. त्या यादीतल्या कणांची ऊर्जा त्याच्या कोट्यवधी पट, कधी अब्जावधी पट होती. असला कण आरशावर पडला तर परावर्तित होत नाही, भिंगातून वळत नाही. म्हणून फर्मीत आरसा नाही, भिंगही नाही. टंगस्टनचे पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये सिलिकॉनच्या पट्ट्या, असे १६ मनोरे आहेत. गॅमा कण टंगस्टनमध्ये शिरतो आणि स्वतः संपून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी मागं ठेवतो. त्या जोडीच्या वाटेवरून मूळ कण कुठून आला ते ठरवायचं. अंदाज ढोबळ असतो. कमी ऊर्जेच्या कणाची दिशा चार-पाच अंशांनी हुकते, म्हणजे पौर्णिमेचे आठ-दहा चंद्र एका ओळीत ठेवावेत एवढी. एखाद्या दूरच्या दीर्घिकेतला कुठला कोपरा चमकतोय हे फर्मीला सहसा सांगता येत नाही. इथल्या सगळ्या संशोधनाची मेख या धूसरपणात आहे. चित्र दिसत नाही, म्हणून हिशेब मांडावा लागतो.

आणखी जास्त ऊर्जेचे कण इतके विरळ असतात की अवकाशातली दुर्बीण त्यांना अपुरी पडते. तिथं पृथ्वीचं वातावरणच दुर्बीण होतं. गॅमा कण हवेत शिरला की जोडी, जोडीतून नवे गॅमा, त्यांतून पुन्हा जोड्या, असा कणांचा धबधबा कोसळतो. या धबधब्याचं गणित १९३७ साली होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी मांडलं. पुढं भाभांनी उभारलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली बंगळुरूहून मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली आणि वैश्विक किरणांचा अभ्यास हे तिच्या पहिल्या कामांपैकी एक होतं. धबधब्यातले कण हवेतल्या प्रकाशापेक्षा वेगानं धावतात, तेव्हा ‘चेरेन्कोव्ह’ नावाची निळसर झळाळी उमटते. ती सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरतीच टिकते. काळोख्या रात्री मोठ्या आरशांनी ती टिपायची. नामिबियाच्या पठारावरची हेस, ॲरिझोनातली वेरिटास, कॅनरी बेटांवरची मॅजिक या दुर्बिणी हेच करतात. आपल्याकडं लडाखमध्ये हानले इथं, ४,३०० मीटर उंचीवर, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीण उभारली. ऑक्टोबर २०२४मध्ये तिचं उद्घाटन झालं.

वेरिटासचा एक आकडा मला फार मोलाचा वाटतो. सप्तर्षीत दिसणाऱ्या एम ८२ या दीर्घिकेकडं तिनं १३७ तास टक लावली. हाती लागले साधारण ९१ कण. तासाला एकही नाही. त्यावर २००९ साली ‘नेचर’मध्ये शोधनिबंध आला. त्याच वर्षी हेसनं ११९ तास पाहून दक्षिण आकाशातल्या एनजीसी २५३ या दीर्घिकेतून आलेले गॅमा किरण टिपले. पाठोपाठ फर्मीलाही या दोन्ही दिसल्या. आपल्या आकाशगंगेबाहेरच्या, भरभरून तारे जन्माला घालणाऱ्या दीर्घिका या जहाल उजेडात पहिल्यांदा दिसल्या त्या अशा.

टक्कर

मग हा उजेड येतो कुठून? तारे तो देत नाहीत. आपल्या सूर्यासारखा तारा कितीही तापला तरी त्याच्या पृष्ठभागावरून असले कण निघत नाहीत. इतकी ऊर्जा उष्णतेतून मिळणारच नाही. त्यासाठी कुणीतरी कणाला ढकलत, फटकारत वेग द्यावा लागतो.

सूर्याच्या आठ पटींहून जड तारा जन्मल्यापासून काही कोटी वर्षांत संपतो, पुष्कळदा त्याहूनही लवकर. त्याचा स्फोट होतो, तो अतिनवतारा. स्फोटाची लाट आजूबाजूच्या वायूत घुसते आणि लाटेच्या अलीकडं-पलीकडं ये-जा करणारे प्रोटॉन प्रत्येक फेरीत थोडा थोडा वेग कमावत जातात. लाटेच्या एकूण ऊर्जेचा दहावा हिस्सा तरी अशा कणांत जात असावा, असा सर्वसाधारण समज आहे. हेच वैश्विक किरण. १९१२ साली व्हिक्टर हेस फुग्यातून पाच किलोमीटरहून उंच गेले आणि हे किरण वरून येतात हे त्यांनी दाखवून दिलं. नामिबियातली दुर्बीण त्यांचंच नाव मिरवते.

वैश्विक किरण विद्युतभारित असतात. दीर्घिकेतलं चुंबकीय क्षेत्र त्यांना सतत वळवत राहतं आणि ते आपल्यापर्यंत पोचतात तेव्हा कुठून निघाले याचा पत्ताच उरलेला नसतो. पण वाटेत एखाद्या प्रोटॉनची वायूतल्या अणुकेंद्राशी टक्कर झाली तर पायॉन नावाचे अल्पायुषी कण निर्माण होतात. त्यांतला भाररहित पायॉन डोळ्याचं पातं लवायला लागणाऱ्या वेळाच्या अब्जांश भागाहूनही कितीतरी कमी वेळात फुटतो आणि त्याचे दोन गॅमा कण होतात. गॅमा कणाला भार नसतो, चुंबक त्याला वळवत नाही. तो सरळ येतो. जपानचे सातिओ हायाकावा यांनी १९५२ साली, अवकाशातून आलेला एकही गॅमा कण कुणी पाहिलेला नसताना, आकाशगंगेतून असे किरण यायला हवेत असं लिहून ठेवलं. १९६१मध्ये एक्सप्लोरर ११ या उपग्रहानं असे २२ कण मोजले. पुढं १९६७ साली गेलेल्या ओएसओ-३नं ६२१ कण टिपले आणि त्यांत आकाशगंगेचा पट्टा उठून दिसला.

पायॉनातून आलेल्या उजेडाची एक खूण असते. ठरावीक ऊर्जेखाली तो झपाट्यानं मंदावतो, कारण पायॉनाला स्वतःचं वस्तुमान आहे; तेवढी ऊर्जा असल्याशिवाय तो जन्मतच नाही. ही खूण फर्मीनं २०१३ साली आपल्याच आकाशगंगेतल्या आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ या दोन अतिनवताऱ्यांच्या अवशेषांत स्पष्ट दाखवली. तिथं प्रोटॉन वेग घेतात, याबद्दल मग शंका उरली नाही.

न दिसलेला मेघ

या सगळ्या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग एका न दिसण्याचा आहे.

बराच काळ एक मूलभूत वाद होता. वैश्विक किरण प्रत्येक दीर्घिकेत तिथल्या तिथं तयार होतात, की ते साऱ्या विश्वात सारखेच भरून आहेत? रशियाचे विताली गिंझबर्ग यांनी १९७०च्या दशकात एक साधी कसोटी सुचवली. आपल्या आकाशगंगेच्या शेजारी मॅजेलनचे दोन मेघ आहेत, मोठा आणि छोटा, दोन्ही छोट्या दीर्घिका. त्यांतल्या वायूचं वस्तुमान ठाऊक आहे. किरण सगळीकडं सारखे असतील तर या वायूवरही आपल्याइतकेच आदळायला हवेत, म्हणजे मेघ ठरावीक तेजानं गॅमात दिसायला हवेत.

१९९१ साली गेलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवर एग्रेट हे उपकरण होतं. त्याच्या निरीक्षणांतून पी. श्रीकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मोठ्या मेघातून येणारे गॅमा किरण दाखवले. आपल्या आकाशगंगेबाहेरच्या साध्या दीर्घिकेचे ते पहिलेच. पुढच्या वर्षी त्यांनी छोटा मेघ तपासला आणि तो दिसला नाही. अपेक्षित तेजाच्या कितीतरी खाली शोध घेतला तरी नाही. वाद तिथं मिटला. किरण विश्वभर सारखे असते तर छोटा मेघ दिसलाच असता. वैश्विक किरण ज्याचे त्याला घरचे असतात. श्रीकुमार पुढं बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेचे संचालक झाले. छोटा मेघ २०१०मध्ये फर्मीला अखेर दिसला, पण इतका मंद की तिथली वैश्विक किरणांची घनता आपल्या इथल्या घनतेच्या फार तर १५ टक्के निघाली.

मोठ्या मेघानं मात्र एक धडा दिला. त्यातला सर्वांत तेजस्वी भाग होता टॅरँट्युला तेजोमेघाजवळचा, जिथं महाकाय तारे धडाधड जन्मतात. सगळं तर्काला धरून वाटत होतं: तारे अधिक, स्फोट अधिक, किरण अधिक. २०१५मध्ये फर्मीच्या चमूनं दाखवलं की त्या तेजाचा जवळपास निम्मा भाग एका एकट्या स्पंदकाचा आहे, सेकंदाला वीसेक गिरक्या घेणाऱ्या मृत ताऱ्याच्या गाभ्याचा. आकाशगंगेबाहेर सापडलेला तो पहिला गॅमा स्पंदक. तेजोमेघाचा उजेड म्हणून जो मोजत होतो, त्यातला अर्धा एकाच दिव्याचा निघाला. दूरच्या, ठिपक्यासारख्या दिसणाऱ्या दीर्घिकांबद्दल बोलताना हे कायम लक्षात ठेवावं लागतं.

सप्तर्षीतली भट्टी

एम ८२ आपल्यापासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर आहे. शेजारच्या एम ८१ या थोरल्या दीर्घिकेनं जवळून जाताना तिला ओढलं, घुसळलं, आणि वायू गाभ्यात कोंबला गेला. हजारभर प्रकाशवर्षांच्या त्या गाभ्यात तारे इतक्या वेगानं जन्मतात की स्फोटांच्या रेट्यानं वायूचे फवारे दीर्घिकेच्या वर-खाली उसळलेले दिसतात. धूळ एवढी दाट आहे की आतले स्फोट साध्या दुर्बिणीला दिसत नाहीत. रेडिओ दुर्बिणींना मात्र तिथं अतिनवताऱ्यांचे डझनावारी अवशेष दिसतात. आपल्या आकाशगंगेत शतकाला एक-दोन स्फोट होतात. तिथं साधारण दहा-पंधरा वर्षांत एक.

इथं हिशेबाची गंमत सुरू होते. ताऱ्यांच्या जन्माचा वेग पाहिला तर एम ८२ आपल्या आकाशगंगेहून थोड्याच पटींनी पुढं आहे. गॅमा तेज मात्र दहा पटींहून कितीतरी जास्त. स्फोट पाचपट आणि उजेड पंधरापट, हे कसं?

मैत्रीण फळ्यावर आकडे मांडत होती आणि माझ्या कानात टपरीतलं वाक्य वाजत होतं. आपल्या आकाशगंगेत वायू विरळ आहे, घनसेंटिमीटरला सरासरी एखादा अणू. त्यात प्रोटॉनला टक्कर मिळायला पाचेक कोटी वर्षं लागतील. तेवढा वेळ तो थांबतच नाही. कोटभर वर्षांत भटकत भटकत तो दीर्घिकेच्या कडेबाहेर निसटतो, जवळजवळ सगळी ऊर्जा सोबत घेऊन. माळावरचं पाणी. एम ८२च्या गाभ्यात घनसेंटिमीटरला शेकडो अणू आहेत. तिथं दोन-तीन लाख वर्षांतच टक्कर होते. गाभ्यातून वर उसळणारा वारा काही किरण उडवून नेतो, त्यामुळं सगळे सापडत नाहीत. तरी तिसरा हिस्सा, कदाचित निम्मे, तिथल्या तिथं टकरींत खर्ची पडतात आणि त्यांच्या ऊर्जेचा मोठा वाटा गॅमा होऊन बाहेर येतो. पाऊस थोडा जास्त, पण जमीन काळी. मुरलेलं पाणीच तिथं उजेड होऊन उगवतं.

ही कल्पना खरी असेल तर जितका वायू दाट तितकं मुरणं अधिक, आणि शेवटी अशी दीर्घिका यायला हवी जिथून काहीच निसटत नाही. २५ कोटी प्रकाशवर्षांवर आर्प २२० आहे. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळताहेत आणि तिथं वर्षाला काही स्फोट होतात. फर्मीच्या निरीक्षणांत ती २०१६ साली सापडली, आणि तिचं तेज जवळपास सगळं मुरण्याच्या हिशेबाशी जुळतं. छोटा मेघ, आपली आकाशगंगा, एम ८२, आर्प २२०: एका टोकाला उघडा माळ, दुसऱ्या टोकाला काळी कसदार जमीन. फर्मीच्या चमूनं २०१२ साली दाट वायूच्या ६४ दीर्घिका तपासल्या. त्यांतल्या मोजक्याच दिसल्या, पण दिसल्या त्यांत ताऱ्यांचा जन्म आणि गॅमा तेज यांचं नातं उघड होतं.

सख्खी भावंडं

आता खोडद.

टक्करीत भाररहित पायॉनासोबत भारित पायॉनही जन्मतात. तेही फुटतात, पण त्यांतून गॅमा येत नाही. त्यांतून न्यूट्रिनो येतात, आणि इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन. हे इलेक्ट्रॉन दीर्घिकेच्या चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओलहरी सोडतात. स्फोटाच्या लाटेत थेट वेग घेतलेले इलेक्ट्रॉनही हेच करतात. म्हणजे एकाच स्फोटाची, कधी एकाच टक्करीची लेकरं उजेडाच्या दोन टोकांना जातात. गॅमा ॲरिझोनाच्या काळोखात निळी झळाळी होऊन दिसतात आणि त्यांची सख्खी भावंडं जुन्नर तालुक्यात पावसानं निथळणाऱ्या जाळीत उतरतात.

गॅमा दुर्बिणीला दीर्घिका ठिपक्यासारखी दिसते. रेडिओत तिची वळणं न् वळणं दिसतात. म्हणून गॅमाचा हिशेब पक्का करायला रेडिओ दुर्बीण लागते. जीएमआरटीतून ३३३ मेगाहर्ट्झवर जवळच्या पाच दीर्घिका पाहून त्यांची चुंबकीय क्षेत्रं मोजली गेली; २०१२ आणि २०१३ साली हे निबंध आले. सर्पिल हातांजवळचे इलेक्ट्रॉन ताजे, ताकदीचे. हातांपासून दूर जाल तसे थकलेले, ऊर्जा गमावलेले. कुठं जन्मतात आणि किती लांब जाऊन दमतात, हे त्या नकाशांवरून वाचता येतं. मुरण्याचा वेग कळायला दुसरा मार्ग सोपा नाही.

हे जाणून घेतल्यावर मी दुसऱ्यांदा खोडदला गेले. पावसानं उघडीप दिली होती. आवारात फोन बंद ठेवावा लागतो, कारण तिथं येणारे संकेत इतके क्षीण असतात की खिशातला फोनही त्यांना बुडवून टाकेल. त्या शांततेत एका परातीनं मान वळवायला सुरुवात केली. एवढा मोठा डोलारा सावकाश, जवळजवळ निःशब्द फिरत होता. एक तंत्रज्ञ दादा सांगत होते की आभाळ भरलं म्हणून काम थांबत नाही, रेडिओलहरींना ढगांचा अडथळा नसतो. वारा फार झाला की मात्र परात आकाशाकडं तोंड करून उभी करावी लागते. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला इथं शाळांच्या गाड्या लागतात. त्या पोरांना ही भावंडांची गोष्ट कुणी सांगत असेल तर फार बरं होईल.

हिशेब जिथं जुळत नाही

सगळं इतकं नीट बसत असतं तर मी हा लेख इथं संपवला असता. पण दोन दीर्घिका अडून बसल्या आहेत.

पहिली आपली सर्वांत ओळखीची, देवयानी. २५ लाख प्रकाशवर्षांवर, आपल्या आकाशगंगेची थोरली बहीण म्हणावी अशी. तिच्यात वायू आणि नवे तारे एका मोठ्या कड्यात आहेत, मध्यापासून दूर. गॅमा किरण त्या कड्यातून यायला हवेत. २०१७ साली फर्मीच्या चमूनं बारकाईनं पाहिलं तेव्हा उजेड गाभ्याजवळ गोळा झालेला निघाला, जिथं वायू फारसा नाही. टकरींचा उजेड आणि वायू नाही, हे जमणारं नाही. मग कोण? गाभ्यात म्हाताऱ्या ताऱ्यांची गर्दी असते आणि त्यांत सेकंदाला शेकडो गिरक्या घेणारे जुने स्पंदक असू शकतात. काहींनी अदृश्य द्रव्याचं नाव घेतलं आहे. मला स्पंदकांचं स्पष्टीकरण जास्त पटतं, कारण मोठ्या मेघात आपण एका स्पंदकाला दीर्घिकेचा उजेड समजून आधीच चुकलो होतो.

दुसरी एनजीसी १०६८, तिमिंगल तारकासमूहातली. तिच्यात तारेही जोरात जन्मतात आणि मध्यभागी कृष्णविवरही वायू गिळत बसलेलं आहे. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात गाडलेल्या आइसक्यूब या शोधकानं नोव्हेंबर २०२२मध्ये तिच्या दिशेनं आलेले सुमारे ७९ न्यूट्रिनो जाहीर केले. भारित पायॉनांचे न्यूट्रिनो आले म्हणजे भाररहित पायॉनांचे गॅमाही तेवढेच निघाले असणार. मॅजिक दुर्बिणीनं १२५ तास पाहूनही त्या ऊर्जेचे गॅमा तिला सापडले नव्हते. याचा सरळ अर्थ असा की टकरी कृष्णविवराच्या अगदी लगत, दाट प्रकाशाच्या गर्दीत होताहेत. न्यूट्रिनो त्यातून सुटतात, गॅमा तिथंच गिळले जातात. मग फर्मीला या दीर्घिकेचे जे कमी ऊर्जेचे गॅमा दिसतात ते ताऱ्यांच्या भट्टीचे किती आणि कृष्णविवराचे किती? एकाच ठिपक्यात दोन चुली पेटलेल्या आहेत आणि धूर एकच दिसतो.

इलेक्ट्रॉनांचंही एक उपकथानक आहे. वेगवान इलेक्ट्रॉन ताऱ्यांच्या प्रकाशकणांना धडकून त्यांना गॅमापर्यंत चढवू शकतात, वायूच्या अणूंजवळून वळताना स्वतःही गॅमा सोडतात. एम ८२सारख्या ठिकाणी बहुतेक उजेड प्रोटॉनांच्या टकरींचा आहे असं हिशेब सांगतो, पण इलेक्ट्रॉनांचा वाटा शून्य नाही. तो वेगळा काढायचा तर पायॉनाची ती खूण बाहेरच्या दीर्घिकेत दिसायला हवी, आणि नेमक्या त्या कमी ऊर्जेला फर्मीची नजर सर्वांत धूसर आहे.

या किरकोळ शंका नाहीत. साऱ्या आकाशात एक मंद, सगळीकडं सारखा गॅमा उजेड पसरलेला आहे. तो कशाचा, याचं २०२१ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या निबंधात एक उत्तर होतं: असंख्य दूरच्या, एकेकट्या न दिसणाऱ्या, तारे जन्माला घालणाऱ्या दीर्घिकांचा. इतर काही गणितं त्यांचा वाटा कमी धरतात आणि कृष्णविवरांच्या झोतांना जास्त देतात. कोण बरोबर, हे शेवटी आपल्या शेजारच्या या मूठभर दीर्घिकांत मुरणं किती आणि निसटणं किती, ते नेमकं मोजता येण्यावर ठरणार आहे. चिली आणि कॅनरी बेटांवर उभ्या राहणाऱ्या नव्या चेरेन्कोव्ह दुर्बिणींकडून आणि हानलेच्या मेसकडून म्हणूनच मला आशा आहे.

अमावास्येची रात्र

एनजीसी २५३ कॅरोलाइन हर्शेल यांनी १७८३ साली शोधली, हाती एक छोटी दुर्बीण घेऊन, भावाच्या वेधशाळेत काम करता करता. १ कोटी १४ लाख प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका गाभ्यात एम ८२सारखीच पेटलेली आहे. गॅमात ती पहिल्यांदा दिसली ती नामिबियातून, पण ती आपल्याही आकाशात येते, आणि दिवाळीच्या दिवसांतच तिची वेळ साधते. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला रात्री दहा ते साडेअकराच्या दरम्यान ती दक्षिणेला क्षितिजापासून अर्ध्या उंचीवर असते.

मागच्या दिवाळीत आम्ही अंगणातल्या पणत्या विझल्यावर गावाबाहेरच्या माळावर गेलो. भाचीच्या हातात साधा बायनॉक्युलर होता. दक्षिणेला खाली एकटा चमकणारा मीनास्य. त्याच्या डावीकडं, जरा वर, तिमिंगलाच्या शेपटीचा तारा, दीनब कैतास. त्याच्याखाली हात लांब करून चार बोटं मोजायची. भाचीनं मोजली, बायनॉक्युलर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

“मावशी, एक पुसट रेघ आहे. तिरकी.”

मी बायनॉक्युलर घेतला. पुसट, लांबुडकी, कापूस ओढून ठेवावा तशी. ताऱ्यांचा उजेड दिसत होता. दुसरा उजेड, टकरींचा, त्याच रेघेच्या मधोमध होता आणि आमच्या डोक्यावरच्या हवेत संपत होता. गावाकडून अजून एखादा फटाका वाजत होता. भाचीनं पुन्हा बायनॉक्युलर मागितला, आणि आम्ही रेघ मावळतीकडं कलेपर्यंत तिथं थांबलो.